ढवळ्याचं आवतण

आमचे डॉक्टर वानखेडे पेशंटशी इंग्रजी बोलतात, आमच्याशी स्वच्छ पुणेरी मराठी बोलतात आणि वऱ्हाडी बोलतात ती फक्त एका गाढवाशी.

मी चेष्टा करत नाहीये. इथे आयर्लंडात, ॲडम्सटाउनला ते आमचे शेजारी, गेली पंधरा वर्षं. ब्युमॉन्ट हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ आहेत. मुलं लहान असताना दर रविवारी सकाळी आठला दाराशी त्यांचा हॉर्न वाजायचा. "चला, मंडळी खोळंबली आहेत!" मंडळी म्हणजे शेजारच्या मीथ परगण्यातल्या शेमस नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडच्या सात मेंढ्या, एक खुनशी बदक आणि ते गाढव. डिकीत गाजरांची पिशवी आणि सगळ्या मापांचे रबरी बूट. नियम एकच, जनावरांचं खाणं झाल्याशिवाय माणसांनी डबा उघडायचा नाही. एकदा माझ्या नवऱ्याने गाडीत चोरून सामोसा खाल्ला, तर परतीच्या वाटेवर डॉक्टर त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

गाढव चांगलं तपकिरी, पण डॉक्टरांनी नाव ठेवलं ढवळ्या. दारव्ह्याला त्यांच्या घरच्या बैलजोडीत एक ढवळ्या होता म्हणे, ती जागा रिकामी होती. कुंपणाशी पोचले की हे गृहस्थ बदलायचेच. "काय बे ढवळ्या, लय वाळला ना तू! खाऊन राह्यला का नाई बराबर?" गाढव कान हलवायचं. डॉक्टर तेवढ्यावर अर्धा तास बोलायचे, भावकी, पाऊसपाणी, सगळं. आम्ही मेंढ्यांना गाजरं घालत हसू दाबायचो.

आणि पोळा. त्यांच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळतात आणि त्याला आवतण, म्हणजे जेवणाचं निमंत्रण देतात. बैल नाही म्हणून काय झालं? पहिल्या वर्षी डॉक्टरांनी ढवळ्याची मान पिवळीधमक केली, हात जोडले आणि म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी वहिनींच्या पुरणपोळ्या घेऊन हजर! शेमसने पोळी हुंगली आणि गाढवाला गोड बाधतं म्हणून स्वतःच तीन खाल्ल्या. पिवळ्या मानेबद्दल त्याचं म्हणणं एवढंच, "ही इज ग्रँड." तेव्हापासून पोळ्याला ढवळ्याला गाजर आणि शेमसला पुरणपोळी, ही आमची रूढी.

या सगळ्याला एक गालबोट लागलं. डॉक्टरांची लेक रेवा बारा वर्षांची असताना त्यांनी तिच्या वर्गातल्या तीन मुलींनाही पोळ्याला नेलं. बाबांनी गाढवाला हात जोडले तेव्हा त्या मुली पोट धरून हसल्या. रेवा गाडीत जाऊन बसली आणि त्यानंतर शेतावर कधी आली नाही. पुढे आमचीही मुलं मोठी झाली, रविवार मॅचेसचे झाले. डॉक्टर एकटेच जात राहिले. रेवाचे छोटे लाल बूट मात्र डिकीतून हलले नाहीत.

एकदा मी आगाऊपणे विचारलंच, "डॉक्टर, आमच्याशी का नाही हो बोलत वऱ्हाडी?"

"तुम्ही हसता," ते म्हणाले. "आमची ही दादरची, तीही हसते. आई होती तोवर दर रविवारी फोनवर बोलायचो. आता बोलू कोणाशी? ढवळ्या ऐकून तरी घेतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसणाऱ्यांत मीच पहिली होते.

यंदा आवतणाच्याच दिवशी त्यांना ड्यूटी लागली. सकाळी फोन आला, "एक काम कराल? ढवळ्या म्हातारा झालाय. पुढच्या पोळ्याला असेल की नाही, देव जाणे. त्याला आवतण चुकायला नको." मी हळद-लोण्याची वाटी घेऊन निघाले. गाढवाला आवतण द्यायला शनिवारी चाळीस मिनिटं गाडी हाकणारी पुण्याची बाई मीच एकटी असेन.

पण शेतावर माझ्याआधीच कोणीतरी आलं होतं. हल्ली दूर गॉलवेला नोकरी करणारी रेवा, बाही वर करून ढवळ्याची मान चोळत होती. "मॉम सेड डॅड वॉज ऑन कॉल," ती म्हणाली. "समबडी हॅड टू इन्व्हाइट हिम, लाइक." मग तिने मान खाली घातली, पिवळे हात जोडले आणि आयरिश हेल काढून म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

एकही शब्द चुकला नाही. दहा वर्षं हिने ते कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे. माझे डोळे भरून आले. मी डॉक्टरांना फोन लावला आणि तिच्यापुढे धरला.

"बाबा, ढवळ्याला दिलं आवतण," रेवा मराठीत म्हणाली. मग वऱ्हाडीत, "तुमीबी या उद्या जेवाले."

पलीकडे एक दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"येतो ना माय," डॉक्टर म्हणाले. "येतो ना."