काकतीच्या चढावरची हडळ

“साऱ्या विलायतेची झोप उडवील असा भयपट मी या रस्त्यावर काढणार!” अशी घोषणा बार्लो साहेबानं काकतीच्या चढावर उभं राहून केली, आणि धुक्यासाठी पेटवलेल्या शेणींचा धूर नाकात जाऊन तो बराच वेळ शिंकत बसला.

सन एकोणीसशे तीसची ही गोष्ट. साहेब पलटणीतून निवृत्त होऊन बेळगावच्या कॅम्पात राहिलेला. त्याच्यापाशी हातानं फिरवायचा कॅमेरा होता, एक खटारा मोटार होती आणि फिल्मचं एकच रीळ उरलं होतं. मोटारीचे दिवे हाच उजेड. चंद्राचं काम बाभळीला टांगलेल्या पितळी परातीकडे होतं.

कथा साधी. रात्री बैलगाडीवाला एकटा चाललाय, पांढऱ्या लुगड्यातली हडळ आडवी येते, तो डोळे फाडून किंचाळतो. गाडीवाला म्हणजे काकतीचा नागोजी, साहेबाच्या बंगल्यावर जळण घालणारा. हडळ म्हणजे त्याची बायको अंबुबाई. नागोजीला या कामाची केवढी हाव! गावच्या नाटकात तो दरसाल भालदार व्हायचा आणि उसनी आणलेली पगडी त्याच्या नाकापर्यंत उतरायची. अवघं गाव त्याचं तोंड ओळखत होतं. फक्त नाटकात ते कुणी बघितलं नव्हतं. आता ते पडद्यावर परातीएवढं दिसणार होतं, तेही विलायतेत.

पण अंबुबाई आली ती हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून.

“अगं, साहेबानं पांढरं नेस म्हनलं न्हवं?”

“पांढरं? माझा धनी जित्ता असताना? डोस्कं फिरलंय काय तुमचं?”

“नाटक हाय गं त्ये!”

“नाटकात बी धनी एकच हाय न्हवं मला?”

साहेबानं मोटारीतून फिरवून आणायचं आमिष दाखवलं. अंबुबाई बधली नाही. शेवटी त्यानं पांढरं लुगडं नागोजीलाच नेसवलं, मिशा झाकायला पदर हनुवटीपर्यंत ओढला, आणि गाडीवर अंबुबाईला बसवलं.

“म्हंजे परत भालदारच की!” पदराखालून नागोजी पुटपुटला.

कॅमेऱ्याचा दांडा फिरू लागला. हडळ हात पसरून धुरातून आली. अंबुबाई पोट धरधरून हसायला लागली.

“डरो, बाई! डरो!” साहेब ओरडला.

“ह्यास्नी बघून? अवो साहेब, झुरळ दिसलं की माझ्या मागं लपत्यात ह्ये!”

निम्मं रीळ हसण्यात गेलं. तेवढ्यात निपाणीहून तंबाखू घेऊन परशराम गाडीवान चढाला लागला. त्याला बापाची शिकवण होती, की रस्त्यात हडळ दिसली तर पळू नये, पळालं की ती पाठीवर बसते. पायातलं पायताण काढून हाणावं. त्यानं दोन्ही पायताणं काढली, एक सणसणीत शिवी हासडली आणि तो हडळीवर धावला. हडळ लुगड्यात पाय अडकून आडवी झाली.

अंबुबाईचं हसू जागच्या जागी विझलं. तिनं गाडीवरून उडी टाकली.

“अगं आई गं! मारू नगंसा! धनी हाय माझा त्यो!”

किंकाळी काही फिल्मवर उमटणार नव्हती, पण ते डोळे! साहेबानं तोफेच्या तोंडापुढंही असे डोळे पाहिले नव्हते. त्यानं दांडा सोडला नाही. अंबुबाईनं परशरामला ढकललं, नवऱ्याच्या तोंडावरचा पदर मागं सारला आणि “लागलं न्हाय न्हवं?” म्हणत ती त्याचे गाल चाचपू लागली. खट् झालं. रीळ संपलं.

साहेब नाचतच आला. “सब आ गया! बाई का डर, और आखिर में तुम्हारा मुँह, पूरा का पूरा!”

“मिशीसकट?”

“मूँछ भी!”

“पर हडळीला मिशा कशा वो, साहेब?” अंबुबाईनं विचारलं.

“लंडन में कौन हडळ देखा है?”

नागोजी सावकाश उठला. त्यानं पदर कमरेला खोचला, मिशीवरची धूळ झटकली आणि मोटारीच्या दिव्यांकडे असं बघितलं, जणू त्यामागं सगळी विलायत टाळ्या वाजवत उभी होती. अंबुबाईसुद्धा त्याच्याकडे पाटलाकडे बघावं तशी बघत राहिली.

परशराम पायताणं घालून जवळ आला. खाकरला. हात जोडले.

“चुकलं माझं, हडळबाई,” तो म्हणाला. “तेवढा मागनं गाडीला जरा रेटा देता काय? चढ लई हाय, बैलं दमल्यात.”