वामनरावांचे ओले पडदे

माणसाची सगळी संस्कृती पडद्यावर उभी आहे, असं वामनराव भुसारी मानत. पडदा म्हणजे नाटकाचा नव्हे. रेनकोटच्या तुकड्यासारखा दिसणारा आणि कायम मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावा लागणारा प्लॅस्टिकचा ताव.

रायपूरच्या बूढापाऱ्यात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत आणि भनपुरीत निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात नोकरी करत. चमकवलेले नळ धुतले की त्या पाण्याबरोबर निकेलही गटारात जाई. ते वाचवायला वामनरावांच्या यंत्रात दोन जातींचे पडदे एकाआड एक उभे असत. वीज सोडली की एक जात धन कण पलीकडे जाऊ देई, दुसरी ऋण. एका नळीतून स्वच्छ पाणी येई, दुसरीतून दाट निकेल, पुन्हा कामाला.

"जोर नाही लावायचा, भाऊ. ज्याले जायचं त्याले जाऊ द्यायचं, बाकीच्याले अडवायचं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. गणपतीच्या जेवणावळीत त्यांना दारावर उभं केलं, तेव्हा हातात ताट असेल त्यालाच आत सोडलं. मंडळाचे अध्यक्ष भाषणाला आले होते, ते बाहेरच राहिले. त्या वर्षी जेवणं वेळेवर आटोपली.

जादा पडद्यांचा एक टब कारखान्याच्या मागच्या अंगणात, सावलीत असे. वाळले की ते तडकतात, आणि सेठ बजावून होता, "अब नया पर्दा मँगाया तो मशीन भंगार में।" म्हणून वामनराव पुण्याला मुलीकडे गेले तरी टबातल्या पाण्याच्या काळजीनं मुक्काम अर्धवट टाकून परत येत.

राजधानी झाल्यापासून रायपुरात कापण्याजोगी फीत दिसली की मंत्री येतातच. जुनंच यंत्र रंगवून सेठनं भर मे महिन्यात उद्घाटन ठेवलं. वामनरावांना मंचावर बसवून शाल घातली. मंत्री राष्ट्रनिर्माणावर बोलत असताना वामनरावांची नजर मागच्या अंगणाकडे गेली आणि ते एकदम उठून मंडपामागे धावले. पाहुण्यांच्या रांगेतून मी आणि त्यांच्या पत्नी सिंधूताई मागोमाग.

मंडपवाल्यांना थंड बाटल्यांसाठी टब हवा होता. माणसं सभ्य, पडदे फेकले नाहीत, नीट पिळून दोरीवर वाळत घातले होते.

"काहून वाळवून राहिले बे?"

"भैया, गीले थे!"

वामनरावांनी खांद्यावरची शाल ओढून बादलीत बुडवली, एकेक पडदा हलकेच उतरवून तिच्यात गुंडाळला आणि ते गाठोडं छातीशी धरून सावलीत बसले. पाणी निथळत होतं. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही.

सिंधूताई हळूच म्हणाल्या, "आमच्या तान्ह्या पोट्टीले दवाखान्यातून असंच आणलं होतं यांनी. मले धरू बी देत नव्हते. आता पोट्टी पुण्यात, अन् हे इथं."

मंत्रिमहोदयांनी मंचावरून तिकडे बोट दाखवून कर्मयोगाचं उदाहरण दिलं. टाळ्या झाल्या. पडदे एकूण एक शाबूत निघाले. शालीचा रंग मात्र कच्चा होता. वामनरावांचा सत्काराचा सदरा पोटापर्यंत जांभळा झाला.