देवरामच्या हिरड्या आणि मिसळीचा मान

"रविवारी पाव्हण्यांना असं हसून दाखवतो, की पोरीला बघायला आलेत हेच विसरतील!" देवरामनं जाहीर केलं. त्याच्या बायकोनं, कलाबाईनं, कपाळाला हात लावला.

देवराम नाशिकजवळ मखमलाबादला गुलाब पिकवायचा. अलीकडे मात्र त्याच्या तोंडात हिरड्यांचंच पीक माजलं होतं. रक्तदाबाच्या गोळीनं कुणाकुणाला असं होतं म्हणे. गोळी बदलली, पण हिरड्या मागे हटेनात. तो हसला की दात कुठे आहेत ते शोधावं लागे. आणि देवराम हसायचा फार, बोलायचा त्याहून फार! फूलबाजारात त्याला रामराम घातलेला माणूस सुटेपर्यंत शेजारचं गिऱ्हाईक हार घेऊन, पूजा उरकून, प्रसाद वाटत परत येई.

शनिवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वाढलेल्या हिरड्या छाटल्या, वर गुलाबी लेप थापला आणि बजावलं, "आठवडाभर गरम नको, तिखट नको, बोलणं अगदी कमी." देवरामनं यातलं काहीच ऐकलं नाही. भुलीनं जड झालेल्या जिभेनं तो बाईंना गुलाबाची छाटणी शिकवत होता.

रविवारी उजाडलं ते भलतंच! ओठ वड्यासारखा फुगलेला. तोंड उघडलं की नुसतं "फफफ"!

"पाव्हण्यांना ऑपरेशनचं सांगायचं नाय!" कलाबाई कडाडली. "ऑपरेशन म्हटलं की मुलाकडचे अख्ख्या घराण्याचे रोग काढत बसतात. तुम्ही गप बसा. मान डोलवा."

पोरीचा, रूपालीचा, जीव टांगणीला लागला होता. सातपूरच्या कारखान्यातला ओम तिला मनापासून आवडला होता. आता फक्त त्याच्या आईवडिलांचा होकार हवा होता.

नांदगावहून ओमचे आईवडील, धनराज आणि संध्याबाई आले, बरोबर ओम. धनराजनी बसता बसताच सांगून टाकलं, "आपली एकच अट हाय. घरात तंबाखू-गुटखा चालायचा नाय."

देवरामनं जोरात मान डोलवली. त्याबरोबर फुगलेला ओठही डोलला. आत तंबाखूचा बार भरल्यासारखा तो ओठ संध्याबाईंनी पाहिला, मग नवऱ्याला कोपरानं ढोसलं. तिकडे ओमचा चेहरा पडला.

तेवढ्यात मिसळ आली. नाशिकला येतोय तर मिसळच करा, असा निरोप धनराजांनीच धाडला होता. कलाबाईनं तर्री अशी काढली होती की वासानंच डोळे चुरचुरले!

"घ्या ना," ती म्हणाली.

"छे! आधी घरधनी, मग पाव्हणा. आमच्याकडं हीच रीत हाय," धनराज हात आवरून बसले.

सगळ्यांचे डोळे देवरामवर! त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं डोळे वटारले. त्यानं पोरीकडे पाहिलं. तिनं हात जोडले. आता माघार घेतली तर पोर जन्मभर बोलणार नाही! त्यानं देवाचं नाव घेऊन घास घेतला.

अहाहा! छाटलेल्या हिरडीवर तर्री! डोळ्यांतून गंगा-गोदावरी सुरू झाल्या, कानशिलं तापली, पायाची बोटं आखडली. पण तोंडातून ब्र नाही!

"बापाचं काळीज हो!" संध्याबाईंचाही डोळा पाणावला. "लेक जाणार म्हणून रडतायत!"

देवरामनं दुसरा घास घेतला आणि घात झाला. एक गुलाबी गोळा टपकन ताटलीत पडला.

"गुटखा!" धनराज ताडकन उठले. "ओम, चप्पल घाल!"

"नाय हो काका!" रूपाली धावत पुढे आली. "काल आबांच्या हिरड्या कापल्यात! वाढल्या होत्या गोळीमुळं. तो औषधाचा लेप हाय! तिखट तर चालतच नाय त्यांना!"

कलाबाईनं पदर तोंडाला लावला. धनराज हळूच खाली बसले.

"म्हणजे काल हिरड्या कापल्या, आन् आज आमचा मान राखायला तर्री खाल्ली?" त्यांनी देवरामपुढे हात जोडले. "असा व्याही दिवा घेऊन शोधला तरी घावायचा नाय! आन् बाजारात लोक सांगत होते, देवराम लय बडबड्या हाय. आमच्या हिला बडबडीनं डोकं उठतं, म्हणून आम्ही यायलाच तयार नव्हतो. इथं तर देवमाणूस! सकाळपास्नं शब्द नाय! वहिनी, सोयरीक पक्की. साखर आणा!"

रूपाली हरखून आत पळाली. देवरामच्या डोळ्यांतलं पाणी आता खरंच आनंदाचं होतं. घशाशी केवढं मोठं भाषण आलं होतं! पण तोंड उघडणार तोच कलाबाईनं त्यात साखर कोंबली.

पुढच्या शनिवारी डॉक्टरीणबाईंनी उरलेला लेप काढला. हिरड्या गुलाबी, दात मोत्यासारखे!

"झकास! आता मनसोक्त बोला, काका."

देवरामनं आठवडाभराचा दम छातीत भरून घेतला. तेवढ्यात कलाबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "बाई, लग्न वैशाखात हाय. तोवर तो लेप पुन्हा थापता येईल का?"