फणसळकरांचे आंबेकर

ऑगस्ट महिन्यात शारजात एसी बंद करून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही एसीच्याच कंपनीत इंजिनियर! अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये फणसळकर आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. गणपतीचा प्रसाद द्यायला मी बेल वाजवली, तर दार उघडलं ते बनियनमधल्या, घामाने निथळणाऱ्या फणसळकरांनी. म्हणाले, "या वहिनी, या. पण दार पटकन लावा हं, कॉरिडॉरची थंडी आत येते!"

मी म्हटलं, "अहो, तब्येत बरी आहे ना?"

"माझी ना? उत्तम. पण आंबेकरांना गारवा सोसत नाही."

पाहुणे आलेत वाटतं, म्हणून मी ओढणी सावरली आणि आत गेले. सोफ्यासमोर प्लॅस्टिकचा एक पारदर्शक डबा, आणि डब्यात पिवळी, काळ्या ठिपक्यांची, वीतभर लांबीची पाल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश डोळा मिटला. पालीला पापणी असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मोदकांचं ताट हातातून सुटायचंच काय ते बाकी होतं.

आता हे फणसळकर कोण, ते सांगते. वय पन्नाशीचं, अंगाने काटकुळे, खिशाला कायम एक पेन आणि एक थर्मामीटर. नव्या टॉवरमध्ये एसी बसला की खोलीखोलीत थंडी बरोबर येते का ते मोजायचं, फॉर्म भरायचे आणि सह्या घेऊन सगळं मालकाच्या ताब्यात द्यायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरी तरी वेगळा कसा वागणार? आमच्याकडे चहाला आले की कपात थर्मामीटर बुडवून म्हणायचे, "एकोणऐंशी. दोन मिनिटं थांबू या." माझ्या मुलाला ताप आला, मी म्हटलं अंग चांगलंच तापलंय, तर म्हणाले, "चांगलंच म्हणजे? रीडिंग काय म्हणतंय?" हा त्यांचा लाडका प्रश्न. भाजीत मीठ कमी पडलंय म्हटलं तरी रीडिंग काय म्हणतंय! वर ऐकवायचे, "माणूस खोटं बोलतो वहिनी, रीडिंग बोलत नाही." श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, ते दारात दिसले की आपला चहा घाईघाईने संपवून टाकायचा.

आणि हा माणूस पालीला किती घाबरायचा म्हणता! एकदा भिशीच्या दिवशी त्यांच्या बाल्कनीत साधी घरगुती पाल निघाली, तर हे डायनिंगच्या खुर्चीवर चढून वॉचमनला हाका मारत होते, "यल्ला भाई, जल्दी आओ!" वॉचमन आला, पाल हाकलून खाली गेलासुद्धा, तरी हे खुर्चीवरच. असा माणूस पाल पाळतो? मला वाटलं उन्हाने डोकं फिरलं.

"पाळली नाही वहिनी, ताब्यात घेतली आहे," ते म्हणाले. "आणि पाल म्हणू नका, गेको म्हणा. लेपर्ड गेको."

भानगड अशी होती. केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. शारजातच वाढलेली, त्यामुळे आपण मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. बारावी झाल्यावर तिने बाजारातून हा गेको आणला आणि रंगावरून त्याचं नाव ठेवलं मँगो. दोनच महिन्यांत तिला पुण्याच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. फणसळकरकाकूही तिच्याबरोबर गेल्या. इथल्या कितीतरी घरांत असंच होतं, आई आणि मूल तिकडे, नोकरी इकडे. एअरपोर्टवर केतकीने बाबांच्या हातात दोन पानी प्रिंटआउट ठेवला आणि म्हणाली, "बाबा, प्लीज. जस्ट कीप हिम अलाइव्ह टिल डिसेंबर." डिसेंबरच्या सुट्टीत ती येणार होती.

"तिने माझ्यावर आजवर कधी काही सोपवलं नव्हतं हो," फणसळकर म्हणाले. "यांना काही झालं तर मी पोरीला तोंड कसं दाखवू?"

मँगो हे नाव त्यांच्या तोंडी बसेना. शिवाय मुलीची अमानत, तिला अरेतुरे कसं करायचं? म्हणून मँगोचे आंबेकर झाले. फणसळकरांच्या घरात आंबेकरच शोभतात, असं श्रीकांत म्हणाला, तर फणसळकरांनी ते गंभीरपणे मान्य केलं.

केतकीने गेकोला त्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं होतं. फणसळकरांनी डब्यावर 'नॉट अप्रूव्ह्ड' असा शेरा मारला आणि आम्हा दोघांना घेऊन माशांच्या टाक्या विकणाऱ्या पठाणाकडे गेले.

"कितनी मछली रखोगे साब?"

"मछली नहीं. पानी भी नहीं. छिपकली."

पठाणाने हातातलं फडकं खाली ठेवलं. "साब, हमारे मुल्क में तो उसको झाडू से भगाते हैं."

"भाई, इसको गरमी चाहिए. एक तरफ बत्तीस डिग्री, दूसरी तरफ छब्बीस."

पठाणाने दुकानाच्या दाराबाहेर हात केला. "शारजा में गरमी ढूँढने आए हो?"

टाकी शंभर दिरहमची. म्हणजे तेव्हाचे बाराशे-तेराशे रुपये, असं आम्ही तिघांनी मोठ्याने म्हणून घेतलं आणि मग ती घेतली.

टाकीच्या एका बाजूला खालून ऊब देणारी पट्टी, तिला थर्मोस्टॅट. तळाला टिश्यू पेपर, पाण्याची वाटी, लपायला एक जागा गरम बाजूला, एक थंड बाजूला. शिवाय ओल्या स्पंजचा एक डबा, कात टाकताना अंग ओलसर राहावं म्हणून. दोन टोकांना दोन थर्मामीटर आणि शेजारी नोंदवही. सगळं झकास जमलं, पण हॉलचा एसी लावला की थंड बाजू तेविसावर यायची. केतकीच्या कागदावर तर सव्वीस लिहिलेलं. मग एसी बंदच राहिला!

मी म्हटलं, "अहो, पेटी बेडरूममध्ये ठेवा की."

"ते तिथे आणि मी इथे? मग लक्ष कोण ठेवणार?" असं म्हणून ते टॉवेलने मान पुसत राहिले.

रोज थोडा वेळ हातावर घेऊन सवय करावी, असंही कागदावर होतं. पहिल्या दिवशी साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं. फणसळकर साइटचं हेल्मेट, गॉगल आणि कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे घालून बसलेले. डोळे गच्च मिटून त्यांनी पेटीत हात घातला. आंबेकर निवांतपणे हातमोज्यावर चढले आणि दंडावरून खांद्यापर्यंत गेले.

"कुठे आहेत? वहिनी, कुठे आहेत?"

"उजव्या खांद्यावर."

"पल्लीपतन बघा, पल्लीपतन!"

पाल अंगावर कुठे पडली की काय फळ मिळतं, याचा तक्ता पंचांगात असतो. तो कापून त्यांनी पेटीला चिकटवला होता. मी वाचलं, "विजय!" तशी त्यांची कळी खुलली. तेवढ्यात आंबेकर हेल्मेटवर. तक्त्यात 'डोकं' या शब्दासमोर काही बरं लिहिलेलं नव्हतं. मी ठोकून दिलं, "मिष्टान्नभोजन!"

"खलास, काम झालं! नोंद करा!" फणसळकर ओरडले. तरी नंतर डोक्यावरून आंघोळ केलीच. पंधरा दिवसांत हेल्मेट सुटलं, मग गॉगल, मग हातमोजे. आंघोळ तेवढी राहिली.

खाण्याचं प्रकरण त्याहून अवघड. फणसळकर अंडंसुद्धा न खाणारे, आणि आंबेकरांना लागायच्या जिवंत अळ्या. आधी त्यांनी चिमट्यात पनीरचा तुकडा धरून पाहिला. आंबेकरांनी तोंड फिरवलं. शेवटी पक्ष्यांच्या बाजारातून अळ्या आल्या. त्यांना कॅल्शियमची पूड लावून द्यायची, तर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी दिलेल्या स्वतःच्या गोळ्या हे खलबत्त्यात कुटत बसायचे. चतुर्थीला मला सांगत होते, "आज उपास चालेल का, असं विचारलं त्यांना. शेपटी हलवली. म्हणजे नाही चालणार." अळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या की सुस्त राहतात, म्हणून त्या फ्रीजमध्ये, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. दसऱ्याला श्रीकांत हक्काने त्यांचा फ्रीज उघडून डब्यात चमचा घालायला गेला. त्या वर्षी आमच्याकडे श्रीखंड झालंच नाही.

मग एका सकाळी आमची बेल धडाधडा वाजली. दारात फणसळकर, चेहरा पांढराफटक. "वहिनी, चला! आंबेकर स्वतःलाच खातायत!"

धावत गेले. आंबेकर अंगावरची पांढरी कात तोंडाने ओढून काढत होते आणि चवीने गिळत होते. फणसळकर जमिनीवर बसून रडत होते. खरंच रडत होते. मी केतकीचा कागद मागितला. दुसऱ्या पानाच्या कडेला तिने लिहिलं होतं की गेको कात टाकतो आणि ती खातोही, घाबरू नका. कागद फाइलला लावताना फणसळकरांनी पंचिंग मशिनने नेमकं ते वाक्य भोसकलं होतं. मला हसू आवरेना, आणि हसले म्हणून नंतर वाईटही वाटलं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी मी पोहे घेऊन गेले. शुक्रवारी सुट्टी, आणि भारतात फोनही स्वस्त. आंबेकरांनी माझ्यासमोर चार अळ्यांचा फडशा पाडला, आणि वहीत नोंद झाली, भूक उत्तम. मग पुण्याला फोन लागला. तो स्पीकरवर, कारण फणसळकरांना लिहायला हात मोकळे लागतात.

"हाय बाबा. हाऊज मँगो?"

"काय सांगू केतकी," फणसळकर खोल आवाजात म्हणाले. "आजही तोंड उघडलं नाही बघ."

मी पोह्यांची डिश हातात धरून बघतच राहिले. तिकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पाणी बदललं का, गरम बाजूला किती डिग्री आहे, अळ्या ताज्या आहेत का. हे प्रत्येक प्रश्नाचं सावकाश उत्तर देत होते. वीस मिनिटं हे चाललं. फोन ठेवल्याबरोबर मी उसळले.

"अहो फणसळकर, काही वाटतं का तुम्हाला? पोरगी तिकडे काळजी करत बसेल, आणि तुम्ही धडधडीत खोटं बोलता?"

त्यांनी वही मिटली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"सगळं ठीक आहे म्हटलं ना वहिनी, की ती 'ओके बाबा, बाय' म्हणते. जुलैमध्ये मी मोजलं होतं. सव्वा मिनिट. जेवलीस का? हो. अभ्यास झाला का? हो. पुढे मला काही सुचतच नाही. मुलीशी बोलायचं कसं ते मला येत नाही हो. आंबेकर आजारी असले की ती वीस मिनिटं असते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी म्हटलं, "आणि डिसेंबरात येऊन बघेल तेव्हा?"

"तेव्हा ती समोर असेल ना," ते म्हणाले.

आठवडाभर मला चैन पडेना. त्यांच्यासाठी जीव तुटत होता, पण परक्या गावात पोरीला उगाच घोर लावणंही पटत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी मी ठरवूनच गेले, केतकीला हळूच खरं सांगून टाकायचं. संधीही मिळाली. केतकीने आंबेकरांचं वजन विचारलं, तसे फणसळकर उठले. "वहिनी, जरा बोला तिच्याशी, मी किचनमधला काटा आणतो." मी स्पीकर बंद करून रिसीव्हर कानाला लावला.

"केतकी, अगं ऐक, तुझा मँगो..."

"आंटी, आय नो," ती म्हणाली. "बाबा एव्हरी वीक मला रिपोर्ट ईमेल करतो. विथ फोटो. गेकोचं सगळं फॅट टेलमध्ये असतं. उपाशी असला तर टेल एकदम बारीक होते. मँगोची माझ्या अंगठ्यापेक्षा जाड आहे."

"म्हणजे तुला आधीपासून..."

"सप्टेंबरपासून." तिने आवाज बारीक केला. "बाबाला सांगू नका हं. मलापण त्याच्याशी दुसरं काय बोलायचं ते सुचत नाही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किचनमधून फणसळकर काटा घेऊन येताना दिसले, तशी मी घाईने पुन्हा स्पीकर लावला. त्यांनी काटा टेबलावर ठेवला, आंबेकरांना त्यावर बसवलं, आकडा पाहिला आणि घसा खाकरला.

"केतकी, प्रकरण जरा गंभीरच दिसतंय."

"सांग बाबा," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून सांग. मला आज काहीच काम नाहीये."