लटारूभाऊ आणि सिंगापूरचे इवाई

लटारूभाऊ सिंगापूरच्या व्यापाऱ्याला इवाई म्हणत. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आता या दोघांत कोणाची मुलगी कोणाच्या घरी दिलेली नव्हती. लटारूभाऊंना मूलबाळ नव्हतं, आणि सिंगापूरवाल्याला असेल तर ते स्थळ शोधत चिमूरच्या बाजूला आलेलं मी तरी ऐकलं नाही. दोघांत देणंघेणं होतं ते फक्त वाळलेल्या लाल मिरचीचं. पण लटारूभाऊंचं म्हणणं पक्कं होतं.

"पोरगी देली काय आन् मिरची देली काय, घेनारा नाव ठेवतेच. मंग तो इवाई नाई तं कोन?"

नाव ठेवण्यात सिंगापूरचे इवाई खरंच कुठे कमी पडले नाहीत.

चिमूरहून निघणाऱ्या रस्त्याला लागून लटारूभाऊंचा मिरचीचा सातरा होता. सातरा म्हणजे मोठं सारवलेलं अंगण, त्यावर मिरचीचे ढीग, आणि ढिगांभोवती देठ खुडत बसलेल्या आम्ही तीसएक बाया. सकाळी नाकाला पदर बांधून बसायचं आणि दिवेलागणीला आग होणारे हात घेऊन घरी जायचं. रस्त्याने जाणारे लोक आमच्यासमोर आले की खोकत. आम्ही खोकणं कधीच सोडून दिलं होतं.

फाटकावर पाटी होती, 'आमची मिरची परदेशी जाते'. खाली जहाजाचं चित्र. पेंटरने जहाज पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याने बैलबंडी काढून तिला धुराडं लावून दिलं. लटारूभाऊंना चित्र फार पसंत पडलं, कारण जहाज त्यांनीही पाहिलेलं नव्हतं.

माल तपासायची त्यांची स्वतःची रीत होती. मिरचीच्या बोऱ्यात, म्हणजे पोत्यात, कानापर्यंत डोकं घालायचं आणि छातीभरून श्वास घ्यायचा. एक शिंक आली तर तो माल चिमूरच्या बाजारात. दोन आल्या तर नागपूर. तीन आल्या तर सिंगापूर. हंगामात त्यांचं नाक ढिगातल्या मिरचीच्या रंगाचं होई. नागपूरचा दलाल, ज्याच्यामार्फत हा सगळा माल बाहेर जाई, त्याने एकदा मोठ्या कौतुकाने सांगितलं, की आता मिरचीचा तिखटपणा मोजायचं यंत्र निघालं आहे. लटारूभाऊंनी शांतपणे विचारलं, "ते शिंकते का?"

शिंकत नाही असं कळल्यावर त्यांनी यंत्राचा विषय बंद केला.

साऱ्या सातऱ्यात चौथी शिकलेली मी एकटीच. माझ्या तोंडून शब्द निघायला वेळ लागतो, चार माणसांत तर निघतच नाही. पण लिहिता येतं एवढ्या गुन्ह्यासाठी लटारूभाऊंनी मला मास्तरीण केलं आणि सिंगापूरचा सगळा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात घातला. पत्र यायचं ते इंग्रजीत, पानभर. दलाल त्याच्याखाली पेन्सिलने मराठीत एक ओळ लिहून आमच्याकडे पाठवी. ती ओळ मी वाचून दाखवायची. मग लटारूभाऊ सांगतील ते मी मराठीत लिहायचं, आणि दलालाने त्याचं इंग्रजी करून पुढे पाठवायचं.

पहिली तक्रार आली तेव्हा पेन्सिलची ओळ होती, 'रंग फिका आहे, भाव कमी करा म्हणतात.'

लटारूभाऊंनी डोक्याचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. "लिव मास्तरीण. इवाई, रामराम. मिरची फिकी नाई. तुमी सावलीत पाह्यली असंन. उन्हात धरून पाहा आन् मंग बोला. तुमच्या तिकडं ऊन नसंन तं तसं कळवा. माय कशी हाये? मांगच्या साली आजारी होती म्हने. इथी थंडी लई पडून राह्यली. एकदा या."

दोन पानं झाली. आई आजारी असल्याचं यांना कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. त्यांनी ठरवलं होतं, म्हणजे ती आजारी होती.

पुढच्या खेपेला दलाल आला तेव्हा लटारूभाऊंनी विचारलं, "माह्यं पत्र पोचलं का?"

"पोचलं की. मी कळवलं, भाव कमी होणार नाही."

"आन् मायच्या तब्येतीचं?"

"ते कशाला लटारूभाऊ? ते काय धंद्यात येतं?"

लटारूभाऊ त्याच्याकडे असे पाहत राहिले, की जणू त्याने आहेराचं लुगडं वाटेत विकून खाल्लं. पण लिहून घेणं काही त्यांनी सोडलं नाही. भांडण भावाचं असे, आणि पत्रात पाऊस, थंडी, गाईचं वासरू, दुखरा गुडघा हेच जास्त. भावाच्या भांडणात असं सुखाने रमलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तिकडून काही दिवस तक्रार आली नाही तर ते उदास होत. "इवाई नाराज तं नाई ना गा?" असं दलालालाच विचारत.

खरं भांडण लागलं ते सुपावरून.

लटारूभाऊंनी जन्मात कोणाला मोजकं दिलं नाही. चहा दिला तर बशीत सांडल्याशिवाय तो दिला असं त्यांना वाटत नसे. बोरा काट्यावर चढे, वजन बरोबर होई, हमाल सुतळी उचले, आणि तेवढ्यात लटारूभाऊ "थांब!" म्हणून सूपभर मिरची आणून वर ओतत. दुसऱ्या कोणी ओतलेली चालत नसे. आमच्यातल्या यशोदाबाईने, जिला कधी कोणाची भीड वाटली नाही, एकदा विचारलं, "भाऊ, हे काऊन?"

"मोजून औषध देतेत बाई. मिरची नाई."

झालं. त्यापुढे बोलणं नाही.

गावात हे शोभत होतं. पण जहाजाने जाणाऱ्या मालाबरोबर कागद जातात, आणि कागदावर सूप लिहिलेलं नव्हतं. तिकडच्या बंदरावर एका हंगामात बोरे तोलले गेले. कागदावरचं वजन एक आणि काट्यावरचं दुसरं. सरकारी माणसांनी इवायाला धरलं, की हा जास्तीचा माल कोणता, आणि तो लपवून का आणला? त्याला दंड बसला. त्याने तो आमच्या भावातून कापला आणि वर सक्त पत्र लिहिलं.

पेन्सिलची ओळ मी वाचली, 'वजन जास्त भरलं म्हणून भाव कापला आहे.'

मी दोनदा वाचली. मला वाटलं दलाल 'कमी' लिहिता लिहिता चुकला.

"मायवो!" यशोदाबाई म्हणाली. "कमी भरलं म्हून भांडनारे लई पाह्यले. जास्त भरलं म्हून भांडनारा हा पयलाच. हा इवाई कोन्या जातीचा हाय म्हनावं?"

सगळा सातरा हसला. लटारूभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी उत्तर सांगितलं ते असं, "इवाई, रामराम. सूप आमच्या खुशीचं हाये. त्याले भावात धरू नका. लेकरायले द्या." दलालाने त्याचं इंग्रजी काय केलं ते देव जाणे. पुढची दोन पत्रं अशीच गेली. ते म्हणत वजन बरोबर करा, हे म्हणत बरोबरच आहे, वरचं तर वरचंच आहे. शिकलेली माणसं कागदाला कागद लावून भांडतात. इथे एका बाजूला कागद होता आणि दुसऱ्या बाजूला सूप.

शेवटी दलाल स्वतः आला. इस्त्रीची पँट, हातात बॅग, आणि फाटकापासून लटारूभाऊंच्या खाटेपर्यंत अकरा शिंका. आम्ही मोजल्या.

"लटारूभाऊ, आता शेवटचं सांगतो. आठ दिवसांत पुढचा ट्रक भरायचा आहे. त्याच्याआधी लिहून द्यायचं, की एक किलोही जास्त जाणार नाही. नाहीतर ते दुसरीकडून माल घेणार."

"घेवू दे."

"घेवू दे काय? मग इथे हे ढीग कोण घेणार? चिमूरच्या बाजारात एवढी मिरची खपते?"

"माह्यं सूप हाये. मी फुकट देवून राह्यलो."

"त्यांना फुकट नकोय!"

"काऊन नको?" लटारूभाऊंनी खऱ्या आश्चर्याने विचारलं. दलाल बारावी शिंक देऊन बसला.

तो गेल्यावर आम्ही पुन्हा देठ खुडायला लागलो. सिंगापूरचा माल गेला नाही, तर सातरा त्याच आठवड्यात बंद होणार हे सगळ्यांना कळत होतं. एरवी काम शिमग्यापर्यंत चाले. धान कापून झालेलं, शेतात मजुरी नाही, तेंदूची पानं तोडायला अजून कितीतरी अवकाश. तीस घरांच्या चुली त्या ढिगांवर होत्या, त्यांत एक माझी.

तीन दिवस लटारूभाऊ खाटेवर बसून राहिले. चौथ्या दिवशी यशोदाबाई उठली, हातातली मिरची टाकली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, एक इचारतो. सिंगापूरच्या लेकरायले वरचं पाह्यजे म्हनता. आमचे लेकरं काय तुमाले परके लागून गेले?"

असं बोलणं मला सात जन्मांत जमलं नसतं. मी मान खाली घालून देठ खुडत राहिले. मग त्यांचा आवाज आला, "मास्तरीण, कागद आन."

मी गेले. ते म्हणाले, "लिव. इवाई, रामराम. यापुढं माप बरोबर येईन. एक मिरची जास्त येनार नाई." मी पुढच्या वाक्याची वाट पाहत पेन धरून बसले. गाय, गुडघा, थंडी, काहीतरी. ते म्हणाले, "बस. झालं."

त्यांनी सांगितलेलं पत्र आणि दलालाने केलेलं इंग्रजी एवढं सारखं त्या एकाच वेळी झालं असेल.

ट्रक भरायच्या दिवशी त्यांनी सूप यशोदाबाईच्या हातात दिलं आणि स्वतः काट्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले. एकेक बोरा चढत होता.

"झालं?" ते न वळता विचारत.

"झालं भाऊ."

"एवढंच?"

"एवढंच."

दर बोऱ्याला हेच. शेवटी हमाल कंटाळला, पण यशोदाबाईने, जी जगात कोणाला दोनदा उत्तर देत नाही, प्रत्येक वेळी उत्तर दिलं.

माल पोचला. भाव पूर्ण मिळाला. सातरा शिमग्यापर्यंत चालला, आणि पुढच्या वर्षीही चालला. दलाल पेढे घेऊन आला, म्हणाला, "बघा, आता कशी कटकट संपली." खरंच संपली. इतकी संपली, की सिंगापूरहून पत्र येणंच बंद झालं. कशाला येईल? माल बरोबर, वजन बरोबर, भाव बरोबर. काही बिघडलं असेल तर माणूस लिहितो. लटारूभाऊंनी मधे दोनदा नुसतं खुशालीचं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. दलालाने ते बॅगेत टाकलं आणि म्हणाला, "यात कळवण्यासारखं काय आहे?" ती पत्रं नागपूरच्या पुढे गेली नसतील, हे मला माहीत होतं. मी लटारूभाऊंना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, फक्त पोस्टमन दिसला की ते फाटकापर्यंत जात आणि त्याला चहा पाजून परत येत.

त्या पुढच्या हंगामात एकदा दुपारी आम्ही शिदोऱ्या सोडत असताना ते हातात पाकीट घेऊन माझ्याकडे आले. "आलं. वाच मास्तरीण."

मी कागद उघडला. छापील इंग्रजी होतं, चौकटी आणि आकडे. भावाचं पत्रक असावं. खाली पेन्सिलची ओळ नव्हती. दलालाला तिचीही गरज वाटली नव्हती. मी वर पाहिलं. ते समोर उकिडवे बसले होते, दुपट्टा मांडीवर काढून, पूर्वी बसायचे तसे.

मला चारचौघांत बोलता येत नाही, हे मी लिहिलंच आहे. पण वाचता येतं असं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मी कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं. "इवाई, रामराम. तुमचा माल भेटला. माप बरोबर आहे. पण बोरे उघडले तर वरचं काही नव्हतं. घरच्या बायांनी विचारलं, यंदा लटारूभाऊंनी सूप काऊन नाही दिलं? आम्हाला चुकल्यासारखं झालं. आईची तब्येत बरी आहे."

बाया जेवता जेवता थांबल्या. यशोदाबाईने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडात मोठा घास कोंबला.

लटारूभाऊंनी नाक पुसलं. मिरचीच्या सातऱ्यात त्याचं कोणाला काही वाटत नाही. ते म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचायला लागले. पण पहिल्यांदा काय वाचलं होतं, ते आता कुठे नीट आठवत होतं? "बोरे उघडले तर वरचं काही नव्हतं. लेकरांनी विचारलं..."

"बाया," ते हळूच म्हणाले. "मगाशी घरच्या बाया म्हनली होती."

माझं बोट कागदावर तसंच राहिलं. मान वर करायचा धीर झाला नाही.

"वाच ना," ते म्हणाले. "घरच्या बायाईनं इचारलं. चुकल्यावानी झालं. माय बरी हाये."

मी तसं वाचलं.

"आन् खाली लिवलं असंन," ते माझ्याकडे न पाहता, ढिगाकडे पाहत म्हणाले, "का लटारू, तू एकटा मानूस. टायमावर जेवत जाय."

खाली एक आकडा होता आणि शिक्का होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि तेही वाचलं.