वर-खाली सरकणारं पेल्मेट

मी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. ज्या माणसानं अख्ख्या बाजाराचे काटे सरळ केले, त्याला एक पेल्मेट सरळ बसवता येणार नाही? येणार! नुसतं सरळ नाही, वर-खाली सरकणारंसुद्धा! असं मी सुताराला, मुलाला, सुनेला आणि खालच्या वॉचमनला ठासून सांगितलं होतं. त्यांच्यापैकी कोणी मला अडवलं नाही, असं नाही. सगळ्यांनीच अडवलं.

पेल्मेट म्हणजे पडद्याची दांडी झाकायला खिडकीवर ठोकतात ती लाकडी पेटी. एकदा ठोकली की घर पडेपर्यंत हलत नाही. मग माझीच का सरकायला हवी होती? पडद्यांमुळे.

आमच्या हॉलला एक खिडकी आहे आणि समोरच्या भिंतीला गॅलरीचं दार. दोन्हींचे पडदे बायकोनं शिवले. शेवटच्या आजारपणात. मशीनवर थोडा वेळ बसायची, मग आडवी व्हायची, मग पुन्हा बसायची. मी म्हणायचो, "अगं, घाई कसली? पडदे कुठे पळून चाललेत?"

ती म्हणायची, "पडदे नाही हो."

तिला जाऊन वर्ष होऊन गेलं. मागच्या महिन्यात ते पडदे मी पहिल्यांदा धुतले. चांगले घासून, पिळून, उन्हात वाळवून लावले, आणि बघतो तर काय, लांडे! वाढत्या पोराच्या विजारीखाली घोटे दिसावेत, तशी पडद्याखाली चार बोटं खिडकी दिसायला लागली. दाराचंही तेच.

त्यात खालच्या काठाला लाल दोरा! क्रीम रंगाचा पडदा आणि त्याला हे एवढाले लाल टाके. एरवी तिचे टाके शोधूनही सापडायचे नाहीत. पण शेवटी डोळे थकले होते, हातही थकला होता. मी त्या टाक्यांकडे बघायचंच टाळायचो.

मुलगा आणि सूनबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. रविवारी येतात. सूनबाईनं पडदे बघितले आणि जरा वेळानं विषय काढला.

"बाबा, हे पडदे आता काढूया का?"

"का?"

"आखूड झालेत. आणि तो लाल दोरा... आईंच्या हातचे आहेत, कळतं मला. पण आल्यागेल्याला कसं दिसतं?"

"माझ्याकडे येतं कोण? दूधवाला. तो दारातूनच परत जातो."

"पुढच्या रविवारी मी पडदेवाल्याला बोलावलंय. नवीन ब्लाइंड्स लावू. आणि ह्यांची छान पायपुसणी होतील. जाड कापड आहे."

पायपुसणी! माझ्या घशात चहा अडकला.

"रविवारपर्यंत थांब," मी म्हणालो. "रविवारी पडदे पुरले नाहीत, तर खुशाल कर पायपुसणी. मी शब्द काढणार नाही."

"बाबा, आठवड्यात पडदे वाढणार आहेत का?" मुलानं विचारलं.

"पडदे नाही वाढणार. दांडी खाली येणार!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टरकडे रिपोर्ट दाखवताना घरचे बघतात तसं.

सोमवारी मी सुताराला गाठलं. त्यानं माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, मग दांडीच चार बोटं खाली ठोकू. स्क्रूचं काम. चहा होईपर्यंत उरकेल."

"आणि पुढच्या धुण्यात पडदे पुन्हा आटले तर? दर धुण्याला भिंतीला भोकं पाडायची?"

"मग काय करू म्हणता?"

मी त्याला कागदावर काढून दाखवलं. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, पट्ट्यांना खाच, खाचेतून पेल्मेट वर-खाली. दांडी पेल्मेटच्या आत बसवलेली. पेल्मेट खाली आलं की पडदाही खाली! दारालाही तसंच.

"बरं. पण ते वरच्या वर थांबणार कसं? खिट्टी लावू?"

खिट्टी! चाळीस वर्षं काट्यांशी संसार केलेल्या माणसाला हा खिट्टी सुचवतो!

"कप्पी," मी म्हणालो. "खिडकीच्या पेल्मेटपासून दोर निघेल, छताच्या कप्पीवरून जाईल आणि दाराच्या पेल्मेटला बांधला जाईल. दोन पारडी! एक खाली आलं की दुसरं वर. हवं तिथे थांबेल."

सुतारानं कान खाजवला. "म्हणजे खिडकीचा पडदा पुरला की दाराचा अजून आखूड?"

"अरे, ऊन खिडकीतून येतं सकाळी आणि दारातून येतं संध्याकाळी. दोन्ही पडदे एकाच वेळी पुरे पाहिजेत कशाला?"

त्याला ते पटलं. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

बायको असती तर म्हणाली असती, "साधं काम अवघड करण्यात तुम्ही वस्ताद!" हे वाक्य तिनं मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता तिच्याशिवायही ऐकू येतं.

पेल्मेटं तयार झाली. दाराचा पडदा लांब, म्हणून दाराचं पारडं जड. मग मी जुन्या पेटीतून माझी लोखंडी वजनं काढली आणि खिडकीच्या पेल्मेटवर ठेवली. एक किलोचं एक आणि दोनशे ग्रॅमची दोन. काटा मधोमध आला! पण हवेत ओल होती, लाकूड फुगलं आणि पेल्मेट खाचेत अडकायला लागलं. मी खाचांना साबण चोळला. थोडा नाही, अख्खी वडी.

शनिवारी संध्याकाळी मी स्टुलावर चढून दोराची गाठ आवळत होतो. इतक्यात धाडकन दार उघडलं आणि मुलगा आत आला. मागोमाग सूनबाई. दोघं धापा टाकत होती.

मला नंतर कळलं ते असं. सुतारानं जाता जाता वॉचमनला सगळं सांगितलं होतं आणि वॉचमननं मुलाला फोन केला होता. "तुमच्या बाबांनी दोर आणलाय. छताला कप्पी बसवलीये. आणि म्हणतात, रविवारी सगळा प्रश्नच मिटवून टाकतो."

"बाबा, खाली उतरा!" मुलगा ओरडला.

"थांब रे, गाठ पक्की बसते का बघतोय."

"बाबा!"

"वजन पेलायला हवं ना."

सूनबाईनं धावत येऊन माझे दोन्ही पाय घट्ट धरले.

"अगं, पाय काय धरतेस? पाया पडायचं तर उद्या पड, जमल्यावर!"

"बाबा," मुलानं स्टूल घट्ट धरून विचारलं, "तुम्हाला फार एकटं वाटतं का?"

"वाटतं ना! एकट्याला दोन्ही टोकं धरता येत नाहीत. तू ते टोक धर बरं."

मुलानं दोराच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. ते पेल्मेटला बांधलेलं होतं. मग पेल्मेटकडे बघितलं, पेल्मेटवरच्या वजनांकडे बघितलं आणि तो स्टुलाशेजारी जमिनीवरच बसला. हसायला लागला. हसता हसता बाहीनं डोळे पुसायला लागला. मला आधी काही कळेना. कळलं, तेव्हा मी गपचूप खाली उतरलो.

"राहू देत बाबा," सूनबाई म्हणाली. "मी पडदेवाल्याला नको म्हणते. राहू देत तुमचे पडदे, आहेत तसेच."

इथे गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण काट्यावर बोट ठेवून वजन करायचं नाही, हा माझा जन्माचा नेम!

"छे!" मी म्हणालो. "दया नको. येऊ दे त्याला. तोलूनच दाखवतो!"

रविवारी पडदेवाला आला. हातात नमुन्यांचा भलामोठा अल्बम. तो त्यानं सोफ्यावर ठेवला आणि वर बघून म्हणाला, "काका, हे काय, कपडे वाळत घालायला?"

मी दोर ओढला.

आणि काय सांगू! खिडकीचं पेल्मेट लोण्यात सुरी जावी तसं खाली आलं. बरोबर चार बोटं. पडदा खिडकीच्या कठड्याला टेकला. सूनबाईनं टाळ्या वाजवल्या! समोर दाराचं पेल्मेट चार बोटं वर गेलं आणि दाराखालची फट आठ बोटांची झाली, पण तिकडे बघायचं कारण नव्हतं.

"बाबा, आणि दाराचं?"

"दाराचं संध्याकाळी!"

"काका, डोकं भारी आहे तुमचं," पडदेवाला म्हणाला. "पण दाराला माझा ब्लाइंड कसा दिसतो ते एकदा बघा तरी. बघायला काय जातं?"

"बघा, बघा!" मी ऐटीत म्हणालो. जिंकलेला माणूस उदार असतो. मी सूनबाईला कप्पीचं तत्त्व समजावत बसलो. मुलगा गॅलरीत फोनवर बोलत होता. माझं लक्ष गेलं, तेव्हा पडदेवाला दारापाशी स्टुलावर उभा होता आणि पडद्याची शेवटची कडी काढत होता.

भरल्या काट्याच्या एका पारड्यातला माल एकदम उचलला तर काय होतं, हे या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

"अहो, काढू नका! तोल..."

धडाम!

दाराचं पेल्मेट रॉकेटसारखं वर जाऊन छताला आपटलं. खिडकीचं पेल्मेट साबणावरून जे सुटलं ते थेट खाचेच्या तळाशी ठोकलेल्या अडसरापर्यंत! तिथे ते थांबलं. वजनं थांबली नाहीत. एक किलो सोफ्यावरच्या अल्बमवर पडलं. दोनशेतलं एक माझ्या चहाच्या कपात पडलं आणि चहा माझ्या शर्टावर आला. दुसरं सोफ्याखाली गेलं, ते अजून सापडलेलं नाही. पडदेवाला स्टुलावरून पडद्यासकट खाली आला आणि त्याच पडद्यात गुरफटला.

आवाज ऐकून मुलगा धावत आला. समोर दोर लोंबताना दिसला, त्यानं तो पकडला.

"धर!" मी ओरडलो.

"सोडा!" सूनबाई ओरडली.

"धरू की सोडू?"

"धर रे!"

"अहो, सोडा! कप्पी निघतेय!"

त्यानं सोडला. मग कप्पी निघाली. कप्पीबरोबर छताचा गिलावा निघाला, गिलाव्याबरोबर दोन्हीकडच्या पट्ट्यांची वरची टोकं निघाली. पडदेवाल्यानं पडद्यातून नुकतंच डोकं बाहेर काढलं होतं. सगळा गिलावा त्याच्यावर! पिठाच्या गिरणीत झोपून उठल्यासारखा दिसत होता बिचारा.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"नाही काका," तो खोकत म्हणाला. "मी फक्त बघायचं म्हणालो होतो."

मी शब्द दिला होता. दिलेला शब्द आणि चढलेलं वजन, दोन्ही परत घेता येत नाहीत.

"सूनबाई," मी म्हणालो, "घेऊन जा पडदे. कर पायपुसणी."

ती पडदेवाल्याच्या पायाभोवतीचा पडदा सोडवत होती. काठाचा लाल दोरा स्टुलाच्या खिळ्यात अडकला होता. तिनं तो सोडवायला जरा ओढला, तर सर्रकन अख्खा दोरा हातात आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका ओढीत. काठ उलगडला आणि खालून कापड बाहेर पडलं. कोरं, घडीचं.

सूनबाईनं त्यावर हात ठेवून मापलं. चार बोटं.

"बाबा, आईंनी कापड आत दुमडून ठेवलं होतं."

"कशाला?"

"धुतल्यावर आटणार म्हणून. हा कच्चा टाका आहे, उसवायचाच. नुसता ओढायचा. आणि लाल..." ती थांबली.

लाल का, ते मला कुणी सांगायला नको होतं. क्रीम रंगावर क्रीम दोरा मला जन्मात दिसला नसता. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं मीठ मला दिसत नाही, असं ती म्हणायची. म्हणून मशीनवर बसून, मध्ये मध्ये आडवी होऊन, तिनं माझ्यासाठी काम इतकं सोपं करून ठेवलं होतं. दिसेल असा दोरा, ओढला की निघेल असा टाका. आणि मी त्यावर कप्पी बसवली!

मुलानं खिडकीच्या पडद्याचा दोरा माझ्या हातात दिला. "तुम्ही ओढा बाबा." मी ओढला. जरा हळूच ओढला.

पडदेवाल्याला सूनबाईनं तोंड धुवायला पाणी आणि नवीन कपात चहा दिला. जाताना तो म्हणाला, "काकूंना मानलं बुवा." माझ्याबद्दल काही म्हणाला नाही.

मुलगा आणि सूनबाई त्या रात्री इथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सुतार आला. वरचा गिलावा पडलेला, तिथे स्क्रू धरेना. मग त्यानं दोन्ही पेल्मेटं चार बोटं खाली पक्की ठोकून टाकली. पहिल्या दिवशी म्हणाला होता, अगदी तसंच. चहा होईपर्यंत उरकलं.

"आता सरकणार नाहीत ना?" मुलानं विचारलं.

"बुलडोझर आणला तरी नाही," सुतार म्हणाला.

सूनबाईनं उसवलेले पडदे लावले आणि सगळे बघतच राहिले. दांडी चार बोटं खाली आलेली, कापड चार बोटं सुटलेलं. खिडकीचा पडदा कठड्यावर लोळत होता आणि दाराचा जमीन पुसत होता!

सूनबाईनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही लपेना. मग तिनं शिलाई मशीनचा खण उघडला.

"चार बोटं आत दुमडायला हवीत, बाबा. क्रीम दोरा घेऊ?"

"लाल घे," मी म्हणालो. "आणि टाके मोठे घाल. मला दिसले पाहिजेत."

तर पडदे आता होते तसेच आहेत. वर-खाली सरकणारं पेल्मेट बघायचं असेल तर कधीही या, चहा पाजीन. फक्त सरकवून दाखवा, असं म्हणू नका.