साळवेंची चावी आणि चार दगडी हत्ती

पाणी यायच्या आधी

"मी असेपर्यंत आपल्या बिल्डिंगमध्ये कुणाची बादली कोरडी राहणार नाही!" राजेश साळवे सोसायटीच्या रविवारच्या सहलीच्या बसच्या पायरीवरून म्हणाले. एका हाताने त्यांनी दांडा धरला होता, दुसऱ्या हातात चावी होती.

चावी म्हणजे घराची नव्हे. कमरेएवढी लोखंडी कांब, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. नाहूरच्या ‘मैत्री’ सोसायटीत संध्याकाळी पाणी आलं की साळवे ती खड्ड्यात घालून वॉल्व्ह फिरवत आणि मग सगळ्या मजल्यांवर जीव येई. सेक्रेटरी झाल्यापासून ती त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती. मुलीच्या लग्नातसुद्धा ती आहेराच्या टेबलाखाली हजर होती.

आणि उद्या निवडणूक होती. समोर तिसऱ्या मजल्यावरचे मार्कस डिमेलो. त्यांचं एकच आश्वासन: टायमर. वॉल्व्ह आपोआप उघडेल, माणूस लागणारच नाही.

"बाग बघायला कशाला ती?" चेतनाताईंनी नवऱ्याला विचारलं.

"गुडघा दुखतोय गं. काठी म्हणून."

"काठीच्या मुठीला माझा गाउन फाडून गुंडाळलात. मला विचारलंत तरी?"

"हाताला फोड येतात."

खिडकीतून मार्कस म्हणाले, "राजेश, चावीला खिडकीची सीट दे रे. बाहेरचं बघेल बिचारी."

अख्खी बस हसली. साळवे मुलुंड येईपर्यंत चावी मांडीवर घेऊन बसले.

पाणी सांडतंय

होमाय व्हिला डोंगराच्या उतारावर आहे. कुण्या शेठचा बंगला, पुढे दगडी पायऱ्यांची बाग. वर्षानुवर्षं नुसतं रान होतं. आता सगळं पूर्वीसारखं करून लोकांसाठी उघडलंय. गाइड श्रुतिका नावाची उत्साही मुलगी होती.

"हे चार दगडी हत्ती," ती म्हणाली. "यांच्या सोंडेतून कारंजी उडायची. आम्ही खूप प्रयत्न केले. तज्ज्ञ म्हणाले, आता शक्य नाही."

एका हत्तीच्या सोंडेखाली गार दगड बघून मार्कस टेकले आणि चार बायकांना टायमर समजावू लागले. श्रुतिका बाकीच्यांना घेऊन पुढे निघाली.

साळवे मागेच राहिले. त्यांनी एक भयंकर दृश्य पाहिलं होतं.

वरचा हौद काठोकाठ भरला होता आणि पाणी काठावरून खाली सांडत होतं. पायरीवरून पायरीवर. भरदुपारी. कुणीही बादली लावलेली नाही!

दुसरा कुणी म्हणाला असता, वा, काय सुंदर. साळवेंनी चावी सरसावली. सेक्रेटरीच्या आयुष्यात सांडणारं पाणी म्हणजे एकच गोष्ट: कुणीतरी वॉल्व्ह बंद करायला विसरलं. ते झुडपांमागे गेले, लोखंडी झाकण शोधलं, उचललं. आत वॉल्व्हच्या दोन चौकोनी खिट्ट्या. चावी एकीवर अशी बसली, जशी माहेरी आलेली मुलगी पलंगावर बसते. साळवेंनी फिरवली.

पाणी गेलं

पायऱ्या गप्प.

पाखरंही गप्प.

मग श्रुतिकाचा आवाज: "धबधबा बंद कसा पडला? अहो, तेच तर बघायला येतात लोक!"

साळवेंनी चावी बाहेर काढली. म्हणजे ते सांडायलाच हवं होतं? उद्याची निवडणूक डोळ्यांसमोर आली, आणि मार्कसचा टायमर, आणि आपण रिकाम्या हातांनी गॅलरीत उभे. पटकन पूर्ववत करावं म्हणून त्यांनी चावी पुन्हा घातली.

पण कुठल्या खिट्टीवर? दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

त्यांनी अंदाजाने एक निवडली; ती नेमकी आतून गंजलेली. ती हलेना. साळवे लोंबकळले. दात-ओठ खाऊन पुन्हा लोंबकळले. कर्रर्र.

पाणी, पण फार

जमिनीखाली कुणाला तरी ढेकर आली. पहिल्या हत्तीच्या सोंडेतून आधी एक पाल पडली, मग काळा चिखल, मग...

इथे मार्कसचं वाक्य होतं, "टायमरचा फायदा असा की एक थेंबसुद्धा..." आणि ते अजून तिथेच अर्धवट आहे.

चारही हत्ती उडाले! पाणी झाडांच्या वर गेलं. लोक ओरडत पळाले, भिजले आणि पुन्हा भिजायला परत आले. श्रुतिका हसत होती की रडत होती, ते पाण्यामुळे कळत नव्हतं. तिने साळवेंना खड्ड्याशी गाठलं. "सर, तज्ज्ञांना नाही जमलं हे. तुम्ही कुठून आलात?"

"नाहूरहून," साळवे म्हणाले.

मग फोटो झाले, हार आला. चिखलाने काळेभोर झालेले मार्कस पुढे आले आणि त्यांनी मिठी मारून साळवेंनाही काळं केलं. "मानलं तुला, यार."

परतीच्या बसमध्ये मार्कसच्या बायकोनेच, बेटी डिमेलोने, सांगितलं, "उद्या कशाला? आत्ताच हात वर करा." सगळे हात वर गेले. मार्कसचासुद्धा.

पाणी आलं

साळवे बसमधून उतरून थेट सोसायटीच्या खड्ड्याशी गेले. पाण्याची वेळ झाली होती. ऐटीत उजवा हात मागे केला.

चेतनाताईंनी त्यात पाण्याची बाटली ठेवली.

"चावी दे."

"मला काय माहीत? हार घालून घ्यायला वाकलात तेव्हा बागेतल्या खड्ड्यातच होती."

वर गॅलऱ्यांत बादल्या वाजू लागल्या. मार्कस घरात गेले, साधा पान्हा घेऊन आले आणि दोन झटक्यांत वॉल्व्ह उघडला.

"एवढंच होतं होय?" बेटी म्हणाली.

सोमवारी बाग बंद असते. मंगळवारी साळवे सकाळीच चेतनाताईंना घेऊन होमाय व्हिलात पोचले. चावी सापडली. बंगल्याच्या दिवाणखान्यात, मखमलीवर, दोरीच्या पलीकडे. शेजारी पाटी: ‘कारंज्याची मूळ चावी. मुठीवरचं कापड त्या काळच्या विलायती बनावटीचं असावं.’

"सांगा की, आपली आहे म्हणून," चेतनाताई कुजबुजल्या.

साळवेंनी चावीकडे पाहिलं. एक गृहस्थ तिचा फोटो काढत होते. सोसायटीत आता टायमर बसणार होता, सेक्रेटरींच्याच सहीने.

"राहू दे," ते म्हणाले. "इथे तिला मान आहे." पण हात सवयीने पुढे गेलाच.

"ओ काका," पहारेकरी म्हणाला, "लांबून बघा. फार जुनी वस्तू आहे ती."

"हो ना," चेतनाताई म्हणाल्या. "मागच्या दिवाळीला घेतला होता मी तो गाउन."